वेताळाची अट

पैठणच्या सातवाहन राजाची एकदा चारचौघींत फजिती झाली, म्हणून बृहत्कथा जन्माला आली. ही हकिकत सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तच दिली आहे. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी संस्कृतात म्हणाली, आता पाणी उडवू नका. राजाचं संस्कृत बेताचं. त्याला त्यात ‘मोदक’ ऐकू आले आणि त्यानं तिथल्या तिथं मोदकांची ताटं मागवली. राणी हसली, मग सगळ्याच हसल्या. राजा घरी गेला तो अंथरूण धरून पडला. संस्कृत शिकल्याशिवाय उठायचं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. गुणाढ्य नावाचा मंत्री म्हणाला, सहा वर्षं लागतील. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला, सहा महिने पुरे. गुणाढ्यानं पैज लावली: तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडीन. तो हरला, रानात गेला, पिशाचांची भाषा शिकला आणि तिच्यात सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्तानं लिहिली. राजानं ती नाकारली. तेव्हा गुणाढ्य डोंगरावर आग पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेलं पान आगीत टाकू लागला. जनावरं चरणं विसरून डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. परिणाम असा झाला की राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं. राजा आजारी पडला, चौकशी लागली, आचाऱ्यांनी पारध्यांकडे बोट दाखवलं आणि पारध्यांनी डोंगराकडे. राजा पोचला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते.

या कथेत रक्तानं लिहिणारा कवी आहे, रडणारी हरणं आहेत, आणि मधेच वाळक्या मांसाची तक्रार घेऊन मुदपाकखान्यात सुरू झालेली चौकशीही आहे. सांगणाऱ्यानं एकीकडे रडवून दुसरीकडे हसवलं आहे आणि दोन्हीसाठी आवाज बदललेला नाही. तो बदलत नाही, हेच मला महत्त्वाचं वाटतं. पुढच्या पानांवरच्या बहुतेक नोंदी याच एका गोष्टीभोवती फिरतात.

हे समीक्षेचं पुस्तक नाही. अलीकडच्या काळात ज्या अद्भुत कादंबऱ्या वाचल्या आणि टीव्हीवर किंवा मोबाइलवर जे विनोदी कार्यक्रम पाहिले, त्यांबद्दल त्या त्या रात्री जे वाटलं ते वहीत उतरवलं होतं. त्यातलं निवडून इथं दिलं आहे. दोन्ही विषय एका वहीत का, असं हस्तलिखित वाचणाऱ्या मित्रांनी विचारलं. पहिलं उत्तर सोपं आहे: वही एकच होती. दुसऱ्या उत्तरासाठी ही प्रस्तावना लिहावी लागली.

मी राहतो ते तेलगाव धारूर तालुक्यात. माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा आणि बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा, असे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाव लहान असूनही चौक मोठा आहे. लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना इथलाच. गाळप सुरू झालं की रात्रभर उसाची वाहनं जातात आणि मळीचा वास अंथरुणापर्यंत येतो. पुस्तकं मात्र बाहेरून आणावी लागतात: अंबाजोगाईहून, संभाजीनगरहून, आताशा कुरिअरनं. टीव्हीचं तसं नाही. तो घरोघरी आहे आणि उसाच्या फडावरच्या कोप्यांतही मोबाइलच्या रूपानं पोचला आहे. दिवसभर कोयता चालवून आलेली माणसं जेवणानंतर ‘हास्यजत्रा’ या विनोदी कार्यक्रमाचा एखादा तुकडा लावतात आणि पाचसहा डोकी त्या एवढ्याशा काचेवर वाकतात. अद्भुत वाचणारा इथं एकटा असतो; विनोद पाहणारा सहसा एकटा नसतो. हा फरक नोंदींतही उतरला आहे. कादंबऱ्यांच्या नोंदींत मी पुष्कळदा स्वतःशीच बोलतो, कार्यक्रमांच्या नोंदींत शेजारी कोण केव्हा हसलं हे आधी येतं.

माझ्या पिढीला अद्भुताची गोडी लावली ‘चांदोबा’नं. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक १९५२ साली मराठीत आलं. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी ते मद्रासमध्ये उभं केलं होतं. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा, हातात तलवार, मागं स्मशान, हे शंकर यांचं चित्र ज्यानं पाहिलं तो ते विसरत नाही. गंमत अशी की ‘कथासरित्सागरा’तला हा राजा, त्रिविक्रमसेन, गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा. आमच्या मराठवाड्यातला राजा काश्मीरच्या सोमदेवाच्या संस्कृतात शिरला, तिथून कितीतरी भाषांत फिरला आणि मद्रासच्या छापखान्यातून आमच्या बसस्टँडवर उतरला. १९८५ च्या सुमारास रामानंद सागरांनी त्याला दूरदर्शनवर आणलं तेव्हा अरुण गोविल त्याच्या खांद्यावरचं ओझं वाहत होते. दोनच वर्षांत तेच गोविल राम होऊन आले. तोवर आमच्याकडच्या पोरांना ते विक्रम म्हणूनच ठाऊक होते.

त्या खांद्यावरच्या प्रेतात शिरलेल्या वेताळाची अट पुन्हा एकदा नीट आठवून पाहा. राजानं वाटेत बोलायचं नाही. पण उत्तर ठाऊक असून तो गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार. बोलला तर प्रेत झाडावर परत. दोन नियम आहेत आणि ते एकमेकांच्या नरडीला लागले आहेत. अद्भुतकथेला आणखी काय हवं? आणि विनोदाला तरी याहून वेगळं काय लागतं? गप्प बसणं भाग आहे आणि बोलणंही भाग आहे, अशा पेचात माणसाला उभं केलं की प्रहसन आपोआप सुरू होतं. तेविसांदा फसलेला राजा अखेर ज्या गोष्टीपुढे निरुत्तर होतो तीही पाहा: एक बाप एका मुलीशी आणि त्याचा मुलगा तिच्या आईशी लग्न करतो; मग त्यांच्या पोरांचं आपसांत नातं काय? एवढा पराक्रमी राजा नात्याच्या गुंत्यात अडकतो आणि न बोलल्यामुळे सुटतो. आमच्याकडच्या एखाद्या आत्याबाईनं हे नातं चुटकीसरशी लावून दाखवलं असतं आणि राजाला पुन्हा झाडाकडे पाठवलं असतं.

म्हणून मी प्रत्येक पुस्तकाला आणि प्रत्येक कार्यक्रमाला एकच प्रश्न विचारत आलो. यानं स्वतःच घातलेली अट शेवटपर्यंत पाळली का? की अडचण आली तेव्हा आपल्याकडे पाहून डोळा मारला?

टोल्किनचं ‘हॉबिट’ १९३७ सालचं. मी ते मीना किणीकरांच्या मराठीतून प्रथम वाचलं, मग अडखळत इंग्रजीतून. ड्रॅगन, सोनं, पर्वत हे सगळं ठीकच. मला धरून ठेवलं ते बिल्बो बॅगिन्स रुमाल विसरतो त्या जागेनं. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या प्रवासाला निघालेला माणूस रुमाल घरी राहिला म्हणून कासावीस होतो. तेरा बुटके न सांगता घरी येऊन त्याचं कोठार रिकामं करतात तेव्हाही तो यजमानाच्या रीतीला चुकत नाही. मनातून जळतो आणि ताटं वाढत राहतो. टोल्किन इथं हसवतो, पण बिल्बोला हसत नाही. पुढं याच जगावरची मोठी कादंबरी मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणली. तिच्यातली एक जागा तेलगावात बसून वाचताना मला वेगळीच लागली. सॅम हा माळी. मोठमोठ्या वीरांच्या गर्दीत तो स्वयंपाकाची भांडी पाठीवर घेऊन निघालेला असतो. मॉर्डोरच्या उजाड मुलखात ओझं पेलवेनासं होतं तेव्हा तो ती भांडी एका भेगेत टाकून देतो. त्यांचा खडखडाट त्याच्या काळजाला लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथल्या चौकातून ऊसतोड्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या जातात. पातेली, तवा, पत्र्याची पेटी, कोंबड्यांची डालगी, वर बसलेली पोरं. सहा महिन्यांचं घर दोन चाकांवर. त्या ट्रॉलीवरून एक पातेलं जरी रस्त्यात पडलं तरी गाडी थांबवतात. सॅमनं काय टाकलं हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

अद्भुताला किंमत मोजावी लागते, हे ‘तुंबाड’नंही नीट सांभाळलं. राही अनिल बर्वेंचा हा चित्रपट २०१८ साली आला आणि २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला. नारायण धारपांच्या भयकथेचं त्यामागचं ऋण मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. त्यातलं भय माझ्यापुरतं राक्षसाचं नव्हतंच. कणकेची बाहुली, पिठाचं रिंगण, आणि जेवढा वेळ तेवढीच नाणी हा रोकडा हिशेब, यांचं ते भय होतं. माणूस हिशेब पक्का शिकतो आणि मग त्या हिशेबातच हाव घुसवतो. धारपांचं सगळंच मला आवडतं असं नाही; त्यांच्या काही कादंबऱ्यांत संकट जेवढं वाढतं तेवढाच सोडवणारा जाणकारही ऐनवेळी मोठा होतो. म्हणजे अट मोडलीच. पण मतकरी आणि धारप या भयकथाकारांनी दोनतीन पिढ्यांना रात्री दिवा चालू ठेवून वाचायला लावलं. त्यांना गंभीर साहित्यात जागा देताना आपण बराच काळ हात आखडता घेतला, हे माझं मत आहे आणि ते मी या पुस्तकात दोनतीनदा ऐकवलं आहे.

अगदी अलीकडे वाचलेल्यांपैकी सुझाना क्लार्कच्या ‘पिरानेसी’वरची नोंद सर्वांत लांब झाली. २०२० ची ही कादंबरी. एक माणूस एका अंतहीन घरात राहतो. दालनांमागून दालनं, प्रत्येकात पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र. तो भरतीच्या वेळा लिहून ठेवतो, पुतळ्यांची यादी करतो, सापडलेल्या हाडांची निगा राखतो. त्याला आपण कैदी आहोत असं वाटत नाही. घर आपल्यावर माया करतं असं वाटतं. मला समुद्राची सवय नाही. माजलगाव धरणाचा फुगवटा हे माझं सर्वांत जवळचं मोठं पाणी. तरी ते घर दिसलं, कारण राहणारा माणूस त्याच्याकडे आश्चर्य म्हणून पाहतच नाही. त्याला तिथं मासे धरायचे असतात आणि पायताणं दुरुस्त करायची असतात. जाता जाता सांगतो: शेवटाबद्दल माझी आणि माझ्या भाच्याची भांडणं झाली, ती नोंदीत तशीच ठेवली आहेत.

आता हशाकडे.

चिं. वि. जोशी पालीचे अभ्यासक होते आणि बडोदा संस्थानच्या दफ्तरखात्यात त्यांची नोकरी झाली. जुने कागद नीट लावणाऱ्या माणसाच्या हातून चिमणराव घडला, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननं त्याला पडद्यावर आणलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई केंद्राचं ते प्रक्षेपण आमच्यापर्यंत कुठलं पोचायला. मी हे भाग फार उशिरा, मोबाइलवर पाहिले. चित्र धूसर, नेपथ्य हलतंय, तरी हसू येतं, कारण आपण विनोदी आहोत याची चिमणरावाला शेवटपर्यंत खबर लागत नाही. त्याच प्रभावळकरांनी मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त चेटकीण केली आणि १९९३ च्या ‘झपाटलेला’त तात्या विंचूला आवाज दिला. चेटकीण, बाहुल्यात शिरलेला गुंड आणि चिमणराव हे तिघे एका नटाच्या अंगात राहू शकले, कारण त्यानं तिघांनाही सारख्याच गांभीर्यानं वागवलं. माझा मुद्दा एवढाच आहे. तो मांडायला मला एवढी पानं लागली आणि प्रभावळकरांना काहीच बोलावं लागलं नाही.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ २०१८ पासून सोनी मराठीवर आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांनी बांधलेला हा खेळ आमच्या गल्लीत अजून चालतो. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार ही जोडी असताना मी सहसा उठून गेलो नाही. चौघुल्यांचा माणूस क्षुल्लक शंकेला घर बांधून देतो आणि मग त्यात राहायला जातो. नम्रता संभेरावांची लॉली पहिल्या काही वेळी फार आवडली, नंतर तिच्या येण्याआधीच टाळ्या येऊ लागल्या आणि माझ्यापुरती ती थकली. तक्रार करायची तर एकच. समोरच्या कोचावरचे लोक इतके हसतात आणि कॅमेरा त्यांच्याकडे इतक्यांदा वळतो, की आपण कुठं हसायचं ते आधीच ठरून जातं. तिथं खेळ डोळा मारतो. शेजारच्या आजीनं यावर एकदा सुनावलं, ‘त्यांना हसायचे पैसे भेटतात, तू कामून तोंड पाडून बसलास?’ हे उत्तर मला अजून खोडता आलेलं नाही.

‘चला हवा येऊ द्या’ २०१४ ला सुरू झालं तेव्हा थुकरटवाडी हे गाव आपलंच वाटलं होतं. पुरुषांनी लुगडी नेसून केलेला विनोद पुढं पुढं इतका झाला की लुगडं दिसलं की विनोद संपला असं मी धरून चालू लागलो. मात्र सागर कारंडेंचा पोस्टमन अरविंद जगतापांची पत्रं वाचायला लागला की खोली गप्प व्हायची. हसवून झाल्यावर रडवणं सोपं असतं, अशी माझी आधी समजूत होती. ती पत्रं पाहिल्यावर गुणाढ्याची हरणं आठवली.

गावाकडची बोली हा या नोंदींतला दुखरा भाग आहे. मुंबईच्या मंचावर ‘काय करायलास’ म्हणणारा माणूस आला की वाक्य पुरं होण्याआधी हशा येतो. त्यानं अजून काही केलेलं नसतं. तो फक्त आमच्यासारखा बोललेला असतो. याच्या उलट लक्ष्मण देशपांड्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’. मराठवाड्यातलं वऱ्हाड विमानानं परदेशी जातं, एकच नट ५२ व्यक्तिरेखा उभ्या करतो, आणि बोली सबंध प्रयोगभर कानावर पडते, तरी हसू तिला येत नाही. हसू येतं ते माणसांच्या लगबगीला, रुसव्याफुगव्याला, विमानात बसल्यावरही न सुटणाऱ्या मानपानाला. १९७९ पासूनचा हा प्रयोग देशपांड्यांनंतर संदीप पाठक करतात. ते माजलगावचे, म्हणजे आमच्या शेजारचे. त्यांच्या प्रयोगाबद्दलची नोंद पक्षपाती आहे. ती तशीच वाचावी.

आणि ‘पंचायत’. २०२० पासून आलेली ही हिंदी मालिका उत्तर प्रदेशातल्या फुलेरा नावाच्या गावची, पण आमच्या ग्रामपंचायतीत घडल्यासारखी. तिच्या सुरुवातीच्याच एका भागात सौरदिवे कुठं लावायचे यावर बैठक होते आणि गावाबाहेरच्या एका झाडावर भूत आहे असं निघतं. ज्याला त्याला ते भेटलेलं, ज्याच्या त्याच्या मागं लागलेलं. सचिवाला दिवा पंचायतीसमोर हवा असतो, म्हणून तो भुताचा माग काढत निघतो. एकेक साक्षीदार मागं मागं जात एका मास्तरांपर्यंत पोचतो, आणि मास्तर कबूल करतात की त्या रात्री गांजा ओढला होता. एवढंच भूत. पण गाव खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला ते खरंच दिसलं होतं. द. मा. मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’ची आठवण ज्याला झाली नसेल तो मराठी शाळेत गेला नसावा. झाड तेच, फक्त वेताळाला एका सौरदिव्यासाठी हाकललं जातं. या भागावर मी हसलो आणि मग मला थोडं वाईट वाटलं. त्या झाडाखालून रात्री जाताना आता कुणीही पाय उचलून चालणार नाही.

पैठणच्याच एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांत हे दोन्ही धागे एकत्र वळले होते. विंचू, जोशी, गोंधळी, भूत, आणि सासरच्या एकेकाला उचलून ने म्हणून भवानीला साकडं घालणारी सून. सप्ताहात आमच्याकडे अजून भारूड होतं. सून आली की बायका पदर तोंडाला लावून हसतात, आणि सोंग आणणारा स्वतः एकदाही हसत नाही. अध्यात्म मागून येतं. आधी सोंग पक्कं उभं राहावं लागतं. मराठीत आज मोठी, स्वतंत्र, अनेक खंडांची अद्भुत कादंबरी का दिसत नाही, असं मला शहरातले मित्र विचारतात. मला वाटतं आपल्याकडे कल्पनेची वाण नाही. आपण सोंग आणलं की लगेच त्याचा अर्थ सांगायला धावतो, किंवा लोक हसतील म्हणून आपणच आधी हसून घेतो. धारूरच्या किल्ल्यात एक ऐयार उतरवायला कुणाची हरकत आहे? अशा ऐयारांची ‘चंद्रकांता’ ही कादंबरी वाचायला लोकांनी हिंदी शिकून घेतलं असं म्हणतात. किल्ला आपल्याकडेही आहे, डोंगर आहे, आणि सीताफळीच्या रानात लपायला जागाही भरपूर आहे.

नोंदींचा क्रम लिहिलेल्या तारखांचा नाही. आधी ‘हॉबिट’, लगेच ‘पंचायत’, मग ‘पिरानेसी’, मग हास्यजत्रा, अशी सरमिसळ मुद्दाम केली आहे. ज्यांना फक्त पुस्तकांत रस आहे त्यांनी कार्यक्रमांची पानं गाळली तरी चालेल. उलट करणाऱ्यांनी निदान वेताळावरची नोंद वाचावी. कथा फोडल्याची तक्रार येईल म्हणून जिथं शेवट सांगितला आहे तिथं मथळ्यातच तसं लिहिलं आहे. काही मतं आता बदलली आहेत, ती दुरुस्त केलेली नाहीत. लॉलीबद्दल पहिल्या आठवड्यात लिहिलेलं आणि वर्षभरानं लिहिलेलं, दोन्ही छापलं आहे. शेवटची नोंद अर्धी आहे. ती ज्या मालिकेवर आहे ती अजून संपलेली नाही, आणि पुढचा भाग येईल त्या दिवशी आमच्याकडे भारनियमन नसेल तर उरलेली लिहीन.